पितिल्यानो : खडकावरचे छोटे यरुशलेम



पेसाह होऊन गेला होता आणि शाबुओथ यायचा होता, अशा मधल्या दिवसांत आम्ही लोद, रामला आणि अशदोदकडचे सतरा निवृत्त लोक इटलीला जाऊन आलो. रोम पाहिले, फ्लॉरेन्स पाहिले. त्याविषयी लिहिणारे पुष्कळ आहेत. आम्हांला लिहायचे आहे ते एका लहानशा डोंगरी गावाविषयी. त्याचे नाव पितिल्यानो. प्रवासाच्या कार्यक्रमात या गावासाठी फक्त अर्धा दिवस ठेवला होता. आम्ही मागे लागून पूर्ण दिवस करून घेतला.

रोमहून वायव्येला बसने दोन-अडीच तास लागतात. मारेम्मा नावाचा हा तुस्कनीचा दक्षिण भाग. रस्त्याच्या कडेला द्राक्षमळे, ऑलिव्हची झाडे, मधूनच मेंढ्या. एका वळणावर ड्रायव्हरने न सांगताच बस थांबवली. समोर खोल दरी, आणि दरीपलीकडे एका लांबट, उभ्या कड्यावर गाव बसलेले. कडा कुठे संपतो आणि घराची भिंत कुठे सुरू होते हे पटकन कळत नाही, कारण दोन्ही एकाच दगडाचे आणि एकाच पिवळट-तांबूस रंगाचे. खाली कड्याला काळी काळी भोके दिसतात. ती गुहांची तोंडे. आमच्यातल्या एक मावशी म्हणाल्या, “अगं बाई, ही तर चिरेखाण दिसते!” सगळे हसले, पण मावशींचे चुकले नव्हते. या दगडाला तिकडे तूफो म्हणतात. जुन्या ज्वालामुखीच्या राखेचा तो दगड. खणताना मऊ लागतो, उघड्यावर राहिला की टणक होतो. आपल्या कोकणातल्या जांभ्याचा गुण हाच. जांभ्याच्या चिऱ्यांच्या घरात ज्यांचे लहानपण गेले त्यांना पितिल्यानोची भिंत हाताला ओळखीची लागते.

समुद्रसपाटीपासून गावाची उंची तीनशे मीटरच्या थोडी वर, म्हणजे फार नाही. पण तिन्ही बाजूंना नद्यांनी कोरलेल्या दऱ्या आहेत आणि चढून यायला एकच मान आहे. मध्ययुगात असे ठिकाण म्हणजे आयता किल्ला. प्रथम आल्दोब्रांदेस्की नावाच्या सरदार घराण्याची येथे सत्ता होती. १२९३ मध्ये लग्नसंबंधातून ती रोमच्या ओर्सिनी घराण्याकडे गेली आणि पुढे तीनशे वर्षे राहिली. गावात शिरताना ओर्सिनींचा वाडा लागतो, आणि त्याला लागून मोठमोठ्या कमानींचा पाण्याचा पाट दिसतो. तो मागाहून आलेल्या मेदिची राजवटीत पुरा झाला. वाड्यातील चित्रे वगैरे आम्ही भरभर पाहिली. आमचे लक्ष दुसरीकडे होते.

येथे थोडा नकाशा डोळ्यांसमोर आणावा लागेल. शिकवण्याची जुनी खोड आहे, वाचकांनी सांभाळून घ्यावे. सोळाव्या शतकात इटली हा एक देश नव्हता. रोम आणि त्याभोवतीचा मोठा मुलूख पोपच्या राज्यात होता. उत्तरेला फ्लॉरेन्सच्या मेदिचींची तुस्कनी. या दोघांच्या सरहद्दीवर, फटीत सापडल्यासारखी, ओर्सिनींची लहानशी जहागीर होती. १५५५ साली पोप चौथा पॉल याने फर्मान काढले की, यहुद्यांनी वेगळ्या, दरवाजे लावलेल्या वस्तीत राहावे, त्यांना घरदार-जमीन मालकीची ठेवता येणार नाही, पुरुषांनी पिवळी टोपी घालावी, यहुदी वैद्याने ख्रिस्ती रोग्याला हात लावू नये, आणि नव्या मालाचा व्यापार सोडून जुन्या कपड्यांवर पोट भरावे. १५६९ मध्ये पाचव्या पायसने त्याच्याही पुढे जाऊन रोम आणि आंकोना ही दोन शहरे सोडून बाकी राज्यातून यहुद्यांना हाकलले. १५९३ मध्ये तोच हुकूम पुन्हा निघाला. शेकडो वर्षे राहिलेली माणसे पोराबाळांसह रस्त्यावर आली. सरहद्द ओलांडली की ओर्सिनींचा मुलूख लागे. ओर्सिनींना कर्ज देणारे, हिशेब जाणणारे, औषधोपचार करणारे लोक हवेच होते. तेव्हा हा आसरा केवळ दयेपोटी मिळाला असे समजू नये. पण मिळाला हे खरे.

आलेल्यांपैकी एक दाविद दे पोमिस. हे स्पोलेतोकडचे वैद्य, ओर्सिनींच्या पदरी काही वर्षे होते. पुढे १५८७ साली व्हेनिसला त्यांनी ‘सेमाह दाविद’ नावाचा हिब्रू, लॅटिन आणि इटालियन अशा तीन भाषांचा कोश छापला. पितिल्यानोत असताना त्यांची पत्नी वारली. तिला पुरायला जागा नव्हती. तेव्हा ओर्सिनीने गावाबाहेर उतारावर जमिनीचा तुकडा दिला. तेथील कब्रस्तानाची सुरुवात अशी झाल्याचे गावात सांगतात. बेघर झालेल्या माणसाला परक्या मुलखात पहिली जमीन मिळाली ती बायकोच्या कबरेसाठी. अब्राहाम बाबांनी हेब्रोनला साराबाईंसाठी मखपेलाची गुहा विकत घेतली, ती आठवण आम्हां सर्वांनाच झाली.

१५९८ मध्ये येथे सिनेगॉग उभे राहिले. ते पाहायला एका अरुंद बोळातून जावे लागते. बोळाचे नाव आजही गेट्टोची गल्ली असे आहे. ओर्सिनींनी यहुद्यांना कोंडले नव्हते. सतराव्या शतकाच्या पहिल्या दशकात जहागीर मेदिचींकडे गेली आणि १६२२ मध्ये येथेही गेट्टो झाला. ज्या हुकमापासून वडील पळून आले, तोच हुकूम मुलांना गाठायला आला. शिपाई दारोदार जाऊन काठी ठोकत आणि घर रिकामे करा असे सांगत. घर खाली करण्याला इटालियन भाषेत ‘स्फ्रात्तो’ म्हणतात. पुढे येथल्या यहुदी बायकांनी त्याच काठीच्या आकाराचे एक पक्वान्न केले. पातळ पारीत अक्रोड, मध आणि संत्र्याची साल यांचे सारण भरायचे, लांबट गुंडाळायचे आणि भाजायचे. त्याचेही नाव स्फ्रात्तो. आता तो गावातली ख्रिस्ती बेकरीवालीही करते आणि नाताळला खपतो. आम्ही चाखला. चांगला लागतो. आपल्या करंजीपेक्षा गोडीला कमी, दाताला जास्त.

सिनेगॉग लहान आहे, पण उजेड भरपूर. भिंतींवर हिब्रू वचने कोरलेली, बायकांसाठी वर जाळीचा सज्जा. तुस्कनीचे ग्रँड ड्यूक एकोणिसाव्या शतकात येऊन गेले त्याच्या पाट्याही आहेत. मात्र बरीचशी इमारत आज दिसते ती दुरुस्तीनंतरची. विसाव्या शतकाच्या सहाव्या-सातव्या दशकात खालचा खडक ढासळला आणि सिनेगॉगचा मोठा भाग कोसळला. गावाने ते १९९५ मध्ये पुन्हा उभे केले. ‘गावाने’ हा शब्द आम्ही जाणून वापरला आहे, कारण तोपर्यंत गावात यहुदी जवळजवळ उरलेच नव्हते. इटलीतल्या कोनेल्यानो गावचे सिनेगॉग आपल्या यरुशलेममध्ये आणून बसवले आहे. कोचीच्या कडवुंभागम सिनेगॉगचा अंतर्भाग इस्राएल म्युझियममध्ये आहे. त्या गोष्टी उत्तमच झाल्या. पण पितिल्यानोचे सिनेगॉग जिथे होते तिथेच आहे, आणि खिडकीतून दिसते ती तीच दरी.

खरी मौज खाली आहे. सिनेगॉगच्या पोटात, खडक कोरून, एकाखाली एक खोल्या आहेत. मिक्वे, खाटीकखाना, कापड रंगवायची जागा, कोशेर दारूचे तळघर, आणि पेसाहच्या बिनखमिराच्या रोट्या भाजण्याची भट्टी. ही भट्टी वर्षातून एकदाच पेटे. सर्व घरांतल्या बायका तेथे जमत, पीठ मळत, रोट्यांना नक्षी पाडत. १९३९ च्या पेसाहला ती शेवटची पेटली. भट्टीच्या तोंडाशी उभे राहिल्यावर आमच्या बायकांचे बोलणे थांबेना. पेसाहच्या आधी दारात येणारा कल्हईवाला, त्याचा भाता, नवसागराचा धूर, चांदीसारखी लखलखीत होऊन आलेली पातेली आणि हांडे. तिकीट देणारी बाई आश्चर्याने पाहत राहिली. तिला वाटले काही भांडण झाले. एका तळघरात दगडी घाणा होता, ऑलिव्हचा. तो पाहून अशदोदचे आमचे एक नाना, ज्यांच्या घरी तीन पिढ्यांपूर्वीपर्यंत तेलाचा धंदा होता, घाण्याला हात लावून नुसते उभे राहिले. मग म्हणाले, “बैल कुठे बांधत असतील?” शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून आपल्या वाडवडलांना कोकणात शनवार तेली म्हणत. पितिल्यानोच्या लोकांची ओळख कागदोपत्री होती, फर्मानांत आणि करांच्या वह्यांत. आपली ओळख शनिवारी न फिरलेल्या घाण्यात होती. १९६० च्या दशकात या देशात आपल्याला पुरावा विचारला गेला तेव्हा घाण्याची साक्ष किती जणांना कळली, हा वेगळा विषय आहे. असो.

आडनावांचेही असेच. पेणकर, नवगावकर, रोहेकर, किहीमकर, दिवेकर ही आपली आडनावे म्हणजे कोकणचा नकाशाच. इटलीच्या यहुद्यांत पितिल्यानी, सोरानी, व्हितेर्बो, ओर्व्हिएतो, आंकोना अशी आडनावे सापडतात. सगळी गावांची नावे. सोरानो तर पितिल्यानोच्या अगदी शेजारचे गाव. हुकूम निघाले, माणसे हलली आणि जाताना आडनावात गाव बांधून घेऊन गेली. फरक इतकाच की आपल्याला कोकणातून कोणी हाकलले नव्हते. आपली माणसे अठराव्या शतकापासून मुंबईला गेली ती पलटणीत आणि कामधंद्यात शिरण्यासाठी. मुंबईतले पहिले सिनेगॉग १७९६ साली शमुवेल यहेज्केल दिवेकरांनी बांधले. कोकणात आपल्याभोवती दरवाजे लावून कोणी कोंडले नाही. रोममध्ये तर गेट्टो १८७० पर्यंत होता. आमच्या शाळेत, एली कदूरीत, ही गोष्ट गुरुजींनी सांगितली होती. तेव्हा ती परीक्षेपुरती पाठ केली. गल्लीच्या तोंडाशी उभे राहिल्यावर ती अंगाला लागली.

पितिल्यानोत मात्र गेट्टो असूनही शेजार टिकला. १७६५ मध्ये त्यांना पुष्कळ सवलती मिळाल्या. १७९९ साली फ्रेंचांविरुद्ध दंगे झाले त्या धामधुमीत सिएना शहरात १३ यहुद्यांना मारून जाळले. पितिल्यानोतही बाहेरचे सैनिक गेट्टो लुटायला शिरले, तेव्हा गावच्या लोकांनीच त्यांच्यावर उठून त्यांना बाहेर काढले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास गावात चारेकशे यहुदी होते, म्हणजे दर दहा माणसांत जवळजवळ एक. ‘छोटे यरुशलेम’ हे नाव तेव्हाचे. मग इटली एक झाली, गेट्टोची बंधने गेली, सर्वांना सर्वत्र राहण्याची मुभा झाली, आणि छोटे यरुशलेम रिकामे होऊ लागले. मुले फ्लॉरेन्सला, रोमला, लिव्होर्नोला शिकायला गेली आणि तिकडेच राहिली. छळाने जे झाले नाही ते मोकळीकीने झाले. १९३१ मध्ये सत्तरच लोक राहिले होते.

१९३८ चे वंशभेदाचे कायदे या उरलेल्यांवर आले. मुलांना शाळेतून काढले, मोठ्यांच्या नोकऱ्या गेल्या. १९४३ च्या सप्टेंबरात जर्मन सैन्य आले आणि ३० नोव्हेंबरला इटालियन फॅसिस्ट सरकारने सर्व यहुद्यांना पकडण्याचा हुकूम काढला. याच जिल्ह्यात रोक्कातेदेरिगी येथे, बिशपच्या पाठशाळेच्या इमारतीत, छावणी केली होती. तेथे कोंडलेल्यांपैकी पुष्कळांना पुढे फोस्सोलीमार्गे आउशविट्झला पाठवले. ज्यांनी हुकमाप्रमाणे हजेरी लावली ते अडकले. ज्यांनी लावली नाही ते रात्री गावाबाहेर पडले आणि शेतकऱ्यांच्या घरी गेले.

हे शेतकरी श्रीमंत नव्हते. बहुतेक अर्धेलीने जमीन कसणारे, निम्मे पीक मालकाच्या घरी घालणारे. पकडले गेले तर काय होईल हे त्यांना ठाऊक होते. तरी त्यांनी ठेवून घेतले. एका घरी धोका वाटला की दुसऱ्या घरी. घरात जमेना तेव्हा गुहेत. हिवाळ्यात खडकातल्या गुहेत लहान मुले घेऊन राहणे म्हणजे काय, ते आम्ही अशी एक गुहा आतून पाहिली तेव्हा थोडेसे कळले. वैशाखातसुद्धा आत गारठा होता. जाणारा-येणारा शेतकरी वाटेवर भाकरी ठेवून जाई, तिकडे न पाहता. १९४४ च्या जूनमध्ये गावावर दोस्तांच्या विमानांचे बॉम्ब पडून पुष्कळ गावकरी मेले, आणि त्याच महिन्यात गाव मुक्त झाले. येथील काही कुटुंबांना याद वाशेमने ‘जगातील नीतिमान’ म्हणून गौरवले आहे. त्या वेळी गुहेत लपलेली एक मुलगी पुढे इस्राएलात आली, बरीच वर्षे राहिली आणि म्हातारपणी पितिल्यानोला परतली. सिनेगॉग आणि खालच्या खोल्या आज आपल्याला पाहता येतात, त्यात तिने आणि तिच्या सोबत्यांनी काढलेल्या संस्थेचा मोठा हात आहे. संस्थेचे बहुतेक सभासद ख्रिस्ती आहेत.

दुपारी गावाखाली उतरून ‘विया काव्हा’ म्हणतात त्या वाटेने थोडे चाललो. या वाटा एत्रुस्कन लोकांच्या, म्हणजे रोमनांच्याही आधीच्या. डोंगर चढून न जाता डोंगर चिरून काढलेल्या. दोन्ही बाजूंना वीस-वीस मीटर उंच दगडी भिंती, वर आकाशाची चिंधी, अंगाला शेवाळाचा वास. कशासाठी एवढे खोल कोरले याविषयी विद्वानांत एकमत नाही. दरवर्षी १९ मार्चला गावातली माणसे यातल्या एका वाटेने पेटती वेताची मोळी खांद्यावर घेऊन गावात येतात आणि चौकात होळी करतात. हिवाळा जाळायचा असतो म्हणे. आमच्या एका वहिनींनी लगेच विचारले, “बोंबा मारतात का?” वाटाड्याला प्रश्न समजावून सांगेपर्यंत निम्मी वाट संपली.

सोवाना नावाचे खेडेही जवळच आहे, एकच रस्ता आणि दोन देवळे. सम्राट चौथ्या हेन्रीला १०७७ मध्ये कानोस्साच्या बर्फात उभा करणारा पोप सातवा ग्रेगरी तेथला, असे मानतात. गुडघ्यांनी तक्रार केल्यामुळे त्याच्या गावात आम्ही फक्त कॉफी प्यायलो.

परतायच्या आधी पुन्हा सिनेगॉगमध्ये गेलो, कारण एक काम राहिले होते. आमच्यातल्या एका मेहुण्यांच्या आईचे त्या दिवशी वर्ष होते. बाई रेवदंड्याच्या. तेथल्या सिनेगॉगमध्ये तिचे लग्न लागले होते. मेहुण्यांना मिन्हा करून कद्दीश म्हणायचे होते. आम्ही पुरुष नऊ. तिकीटवाल्या बाईला विचारले, गावात कोणी? ती म्हणाली, हल्ली नाही, कधी कधी प्रवासी मिळून दहा होतात. अर्धा तास थांबलो. एक जर्मन जोडपे आले, मग शाळेची मुले आली. दहावा आला नाही. शेवटी नऊ जणांनी बसून तेहिल्लिम वाचले, आपल्या चालीत, आणि कद्दीश राहिला. मेहुणे काही बोलले नाहीत. बाहेर पायरीवर आल्यावर म्हणाले, “आईच्या गावी तरी आज दहा कुठून आणणार होतो?”

बसमध्ये त्यावरच बोलणे निघाले. अलिबागच्या इस्राएल आळीतले सिनेगॉग, पेणचे, पनवेलचे, रेवदंड्याचे, आष्टमीचे. कोणाच्या आजोबांनी तेथे हझानकी केली, मुकादम कोण होते, सेफेर तोरा कोणी दिली, एलियाहू हान्नबीच्या मलिद्याला कोणाकडून पोहे-खोबरे येई, सणाला कोण कुठे बसे. सतरा जणांत मिळून अकरा गावांची नावे निघाली आणि प्रत्येक गावाची चार-पाच माणसे. रोमला पोहोचेपर्यंत एका वहीची नऊ पाने भरली. पितिल्यानोची नावे मेदिचींच्या दप्तरात आहेत. आपल्या खेड्यांतली बरीचशी फक्त आपल्यालाच ठाऊक आहेत. आमच्यातल्या सर्वांत लहान माणसाचे वय एकोणसत्तर आहे.

तेव्हा ज्यांना आपल्या गावच्या सिनेगॉगचे काही आठवत असेल त्यांनी ते साध्या कागदावर लिहून, मराठीत किंवा हिब्रूत, संपादकांच्या पत्त्यावर ‘वही’ असे नमूद करून पाठवावे. लिहिता येत नसेल तर नातवाकडून लिहून घ्यावे. जुना फोटो असल्यास मूळ प्रत पाठवू नये, नक्कल पाठवावी.

आणि ज्यांना पितिल्यानोला जायचे असेल त्यांच्यासाठी : गावात आगगाडी नाही. सिनेगॉग शनिवारी बंद असते. खालच्या खोल्यांच्या पायऱ्या उतरत्या आणि ओलसर आहेत, काठी असू द्यावी. गावाबाहेर उतारावर, उंच सायप्रसच्या झाडांत, ते जुने कब्रस्तान आहे. सोबत दहा पुरुष घेऊन जावेत.